टोकांची मोजणी: टेलोमिअर प्रकल्पाच्या नोंदी

९ जुलै २०२४

शेवटच्या वर्षाच्या गटाला विषय दिला: माणसाच्या गुणसूत्रांची टोके, म्हणजे टेलोमिअर. पेशी वाढवायची सोय आपल्याकडे नाही. डीएनएच्या प्रती काढणारे पीसीआर यंत्र आहे, पण रसायनांचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत सत्र संपेल. म्हणून सगळे काम संगणकावर, मोफत मिळणाऱ्या जनुकसंचाच्या फाइलींवर करायचे. टोकाला काय लिहिलेले असते ते स्वतः मोजायचे, आणि ते कमी-जास्त झाले की कोणते आजार होतात ते वाचून लिहायचे.

एका विद्यार्थिनीने फोनवर जाहिरात दाखवली. लाळेचा नमुना पाठवा, टेलोमिअरच्या लांबीवरून ‘जैविक वय’ सांगतो. तिचा प्रश्न सरळ होता: “मॅडम, टोके लांब म्हणजे आयुष्य जास्त ना?” उत्तर दिले नाही. प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला सांगितला.

१२ जुलै

सुरुवात जुन्या, सर्वांना माहीत असलेल्या जीआरसीएच३८ या संदर्भ-संचाने केली. डीएनए ए, सी, जी, टी या चार अक्षरांत लिहितात. पहिले गुणसूत्र उघडले तर पहिली दहा हजार अक्षरे नुसती ‘एन’. मुलांना वाटले फाइल खराब उतरली. ‘एन’ म्हणजे इथे काहीतरी आहे, पण वाचता आलेले नाही. दहा हजार एकाव्या अक्षरापासून मात्र टीएएसीसीसीटीएएसीसीसी अशी तीच तीच रांग सुरू होते. म्हणजे टोकाची आतली कड दिसते, टोक दिसत नाही.

यात निष्काळजीपणा कुणाचाच नव्हता. जुन्या पद्धतीत डीएनएचे छोटे तुकडे वाचून ते एकमेकांवर जुळवत. जिथे हजारो अक्षरे तीच तीच येतात तिथे कुठला तुकडा कुठे बसवायचा हे ठरवता येत नसे. एका दमात दहा-वीस हजार आणि त्याहून जास्त अक्षरे वाचणारी यंत्रे आली तेव्हा ही कोंडी फुटली, आणि २०२२ मध्ये टीटूटी (टेलोमिअर-टू-टेलोमिअर) गटाने सीएचएम१३ हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचलेला संच प्रसिद्ध केला. सुमारे ३०५ कोटी अक्षरे. वाय गुणसूत्र त्यात नव्हते, ते दुसऱ्या एका व्यक्तीच्या एचजी००२ या नमुन्यावरून २०२३ मध्ये पुरे झाले. आपण सीएचएम१३ घेणार.

१९ जुलै

मोजण्याची पद्धत ठरवली. माणसाच्या टोकांवर पुन्हा पुन्हा येणारा शब्द सहा अक्षरांचा: टीटीएजीजीजी. मुलांची पहिली कल्पना अशी की सगळ्या फाइलमध्ये हा शब्द किती वेळा येतो ते मोजू. गणित फळ्यावर मांडले. अक्षरे चार, शब्द सहा अक्षरी, म्हणजे ४०९६ शक्यता. ३०५ कोटी अक्षरांत निव्वळ योगायोगाने हा शब्द सात लाखांहून जास्त वेळा यायला हवा. तेव्हा नुसत्या संख्येला काही अर्थ नाही, सलगपणाला आहे. एकापाठोपाठ एक असे निदान वीस वेळा आले तरच नोंद करायची.

पायथनमध्ये लिहिताना दोन गोष्टी पाळायच्या. फाइलमध्ये पुनरावृत्तीचे भाग बऱ्याचदा लहान अक्षरांत असतात, म्हणून आधी सगळी अक्षरे मोठी करून घ्यायची. आणि ओळी जोडून एक सलग रांग करायची. ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने ओळीओळीने शोधले तर ओळीच्या सांध्यावर तुटलेले शब्द निसटतात.

२६ जुलै

निकाल आले. बावीस गुणसूत्रे आणि एक्स, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना सलग रांगा मिळाल्या. डाव्या टोकाला सीसीसीटीएए, उजव्या टोकाला टीटीएजीजीजी. हे उलट-सुलट का, यावर बराच वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. फाइलमध्ये डीएनएची एकच साखळी लिहिलेली असते. ‘जी’ या अक्षराने भरलेली साखळी प्रत्येक टोकाकडे धावते. उजव्या टोकाला फाइलमध्ये लिहिलेली साखळी तीच असते, डाव्या टोकाला ती न लिहिलेली जोडीदार असते. खऱ्या पेशीत ही जी-वाली साखळी जोडीदारापेक्षा थोडी लांबही असते, शेवटी एकटीच लोंबते. फाइलमध्ये ते दिसणार नाही.

मला जास्त आवडले ते दुसरेच. टोकाकडून आत येऊ लागलो की शब्द बिघडत जातात. मध्येच टीसीएजीजीजी, टीजीएजीजीजी, कुठे टीटीजीजीजीजी. अगदी शेवटचा भाग मात्र स्वच्छ असतो. आतला भाग आईवडिलांकडून आलेला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुका साठवलेला. बाहेरचा भाग झिजतो आणि पुन्हा लिहिला जातो, म्हणून त्यात चुका टिकत नाहीत. पाठ्यपुस्तके टेलोमिअरला बुटाच्या नाडीच्या टोकावरचे प्लास्टिक म्हणतात. आपल्या अहवालात ती उपमा येणार नाही असे गटाला सांगितले. ते प्लास्टिक एकदा बसवले की बसवले. इथे झीज आणि भर दोन्ही रोज चालू असतात, आणि आजार होतो तो या दोन्हींचा तोल गेल्यावर.

२ ऑगस्ट

स्क्रिप्टने दुसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध काहीतरी पकडले का ते पाहायला सांगितले होते. वीस वेळा सलग या कडक अटीत तिथे काही मिळत नाही. अट सैल करून एखाद-दुसरे अक्षर चुकलेले चालेल असे केले की २क्यू१३ या पट्ट्यात सुमारे आठशे अक्षरांचा भाग सापडतो. आधी टीटीएजीजीजी, मग एकदम उलटून सीसीसीटीएए. दोन टोके समोरासमोर चिकटलेली. चिंपांझीत जी दोन वेगळी गुणसूत्रे आहेत ती माणसाच्या पूर्वजात जोडली गेली. हा सांधा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. मुले खूश झाली, कारण छापलेली गोष्ट त्यांच्या पडद्यावर जशीच्या तशी उतरली.

यावरून इतिहास सांगणे सोपे गेले. हर्मन म्युलर १९३० च्या दशकात फळमाशांवर क्ष-किरण टाकून गुणसूत्रे तोडत होते. तुटलेले तुकडे हवे तसे जोडले जायचे, पण मूळचे टोक कधीच कशाला जोडले जात नसे. १९३८ मध्ये त्यांनी त्याला टेलोमिअर हे नाव दिले. त्याच सुमारास मक्यावर काम करणाऱ्या बार्बरा मॅक्लिन्टॉक यांनी दाखवले की टोक गमावलेली गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात, पेशी विभागताना ताणली जाऊन पुन्हा तुटतात, पुन्हा चिकटतात. हे चक्र आज कर्करोगाच्या पेशीत रोज पाहायला मिळते.

१४ ऑगस्ट

आज टोकासमोरच्या दोन अडचणी वेगळ्या करून दिल्या. मुले त्या सतत एकत्र करतात.

पहिली अडचण नकलेची. डीएनएची नक्कल करणारे एन्झाइम कोऱ्या जागेवरून सुरुवात करू शकत नाही, त्याला आरएनएचा छोटा तुकडा आधाराला लागतो. शेवटच्या टोकाचा हा आधार काढला की तिथली जागा भरायला कोणी उरत नाही. दर विभाजनाला थोडे टोक जाते. मॉस्कोत अलेक्सेई ओलोव्हनिकोव्ह यांनी १९७१ मध्ये आणि स्वतंत्रपणे जेम्स वॉटसन यांनी १९७२ मध्ये हे मांडले. ओलोव्हनिकोव्ह यांनी ते लिओनार्ड हेफ्लिक यांच्या १९६१ च्या निरीक्षणाशी जोडले: प्रयोगशाळेतल्या माणसाच्या पेशी साधारण पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. आकडेही बसतात. माणसाच्या पेशीत दर विभाजनाला साधारण ५० ते १०० अक्षरे जातात. जन्मावेळी दहा-पंधरा हजार असलेली लांबी पन्नास विभाजनांत अडीच ते पाच हजारांनी घटते.

दुसरी अडचण लपण्याची. पेशीला तुटलेला डीएनए दिसला की ती विभाजन थांबवते किंवा तुकडे शिवायला धावते. माणसाच्या प्रत्येक पेशीत ९२ टोके आहेत, आणि त्यातले प्रत्येक टोक तुटल्यासारखेच दिसते. शेल्टरिन नावाचा सहा प्रथिनांचा संच ते झाकतो. १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले की लोंबणारी साखळी मागे वळून स्वतःच्याच दुहेरी भागात शिरते आणि फास तयार होतो. टोक फार आखूड झाले की झाकायला जागा पुरत नाही. वय, कर्करोग, रक्ताचे आजार यांचे धागे इथून निघतात.

२३ ऑगस्ट

टेट्राहायमेना वाचून झाला. तळ्यातला एकपेशीय जीव. त्याच्या मोठ्या केंद्रकात छोट्या छोट्या गुणसूत्रांच्या हजारो प्रती असतात, म्हणून टोकेही हजारो. टोकांवर काम करायचे तर टोके भरपूर असलेला जीव घ्यावा, इतका साधा विचार. एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि जोसेफ गॉल यांनी १९७८ मध्ये त्याचा शब्द वाचला: टीटीजीजीजीजी. आपल्यापेक्षा एका अक्षराचा फरक. १९८२ मध्ये जॅक शोस्टाक आणि ब्लॅकबर्न यांनी तीच टोके यीस्टमधल्या सरळ डीएनएला जोडली, आणि यीस्टने ती सांभाळली. मग ब्लॅकबर्न यांच्या कॅरल ग्रायडर या विद्यार्थिनीने १९८४ च्या नाताळच्या दिवशी क्ष-किरण फिल्मवर दर सहा अक्षरांनी एक पायरी अशी शिडी पाहिली. टोक वाढवणारे एन्झाइम सापडले होते: टेलोमरेज. त्याच्या पोटात आरएनएचा स्वतःचा साचा असतो आणि त्यावरून ते शब्द लिहीत जाते. २००९ चे नोबेल ब्लॅकबर्न, शोस्टाक आणि ग्रायडर या तिघांना मिळाले.

एकाने विचारले की या कामाला तेव्हा पैसे कोणी दिले असतील. तळ्यातल्या जिवाच्या टोकांना! प्रश्न चांगला आहे, अहवालात नको.

३० ऑगस्ट

आज जाहिरातीचा पहिला धागा सुटला. प्रत्येक टोकाच्या लांबीचा तक्ता तयार झाल्यावर मुलांनी विचारले, मग या माणसाचे वय किती?

सीएचएम१३ हा कोणी माणूस नाही. तो एका द्राक्षगर्भातून आलेला पेशीसंच आहे. अशा गर्भात आईचा डीएनए नसतो, शुक्रपेशीचाच दुप्पट झालेला असतो. दोन्ही प्रती सारख्या असल्यामुळे तो जुळवायला सोपा, म्हणून निवडला. या पेशी प्रयोगशाळेत अखंड वाढत राहाव्यात म्हणून त्यांच्यात माणसाच्या टेलोमरेजचे टीईआरटी हे जनुक मुद्दाम घातलेले आहे. सामान्य पेशींत हे जनुक घातले की त्या थांबत नाहीत, हे १९९८ मध्ये सिद्ध झाले होते. म्हणजे जी टोके आम्ही मोजली ती जन्मजात नाहीत, संशोधकांनी चालू केलेल्या टेलोमरेजने राखलेली आहेत. त्या तक्त्याला शीर्षक द्यायचे: सीएचएम१३ पेशीसंचातील टोकांची लांबी. ‘मानवी टेलोमिअरची लांबी’ असे लिहायचे नाही.

१९ सप्टेंबर

गणपतीनंतर गट पुन्हा जमला. आजारांचे प्रकरण घेतले. डिस्केराटोसिस कन्जेनिटा या दुर्मीळ आजारापासून सुरुवात केली, कारण या विषयाचे दार तिथेच उघडले. नखे बिघडलेली, मानेवर-छातीवर जाळीसारखे काळसर डाग, तोंडात पांढरे चट्टे. त्वचेच्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्णन केलेला आजार. पण रुग्ण दगावतात ते बहुतेक अस्थिमज्जा आटल्यामुळे. रक्तपेशी तयारच होत नाहीत.

१९९८ मध्ये एक्स गुणसूत्रावरचे डीकेसी१ हे जनुक सापडले. त्याचे प्रथिन रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेच्या, आरएनएवर काम करते हे माहीत होते, म्हणून सगळ्यांची नजर तिकडे गेली. कॅथलीन कॉलिन्स यांच्या प्रयोगशाळेने १९९९ मध्ये दाखवले की तेच प्रथिन टेलोमरेजच्या आरएनएलाही धरून ठेवते, आणि रुग्णांत तो आरएनए कमी आहे. २००१ मध्ये काही कुटुंबांत थेट त्या आरएनएच्या जनुकातच, टीईआरसीमध्ये, बिघाड मिळाला. मग वाद राहिला नाही.

यानंतर चित्र पसरत गेले. त्वचा-नखे अगदी ठीक असलेल्या माणसांतही मज्जा आटण्यामागे टीईआरटीचे बिघाड मिळाले. २००७ मध्ये फुफ्फुसांच्या तंतुमयतेचा, म्हणजे पल्मनरी फायब्रोसिसचा, संबंध दोन गटांनी दाखवला. हा आजार एकाहून जास्त जणांना झालेल्या कुटुंबांपैकी सुमारे ८ ते १५ टक्क्यांत टेलोमरेजच्या जनुकांत दोष सापडतो. प्रौढांत आखूड टोकांचा आजार सर्वांत जास्त याच रूपात दिसतो. यकृताचा सिरोसिस आणि लवकर पिकणारे केसही त्याच कुटुंबांत आढळतात. लहानपणी आजार झाला तर तो आधी मज्जेत दिसतो, कारण तिथे पेशी झपाट्याने विभागतात. उतारवयात तो फुफ्फुसात दिसतो. तिथे पेशी संथ आहेत, पण वर्षानुवर्षांची झीज आणि धूम्रपान यांची भर पडते.

मुलांना सर्वांत अवघड गेले ते पिढ्यांचे गणित. आजोबांना साठीत फुफ्फुसाचा आजार, आईला चाळिशीत रक्ताचा, मुलाला लहानपणीच मज्जेचा. जनुकातला दोष तोच, तरी आजार दर पिढीला लवकर येतो. कारण मुलाला फक्त सदोष जनुक मिळत नाही, आईची आधीच झिजलेली टोकेही मिळतात. गुणसूत्राबरोबर त्याची लांबीही वारशात येते. त्यामुळे अशा घरात दोष न मिळालेल्या भावंडाचीही टोके काहीशी आखूड असू शकतात. मज्जा-प्रत्यारोपणासाठी भाऊ किंवा बहीण दाता म्हणून पुढे आली की डॉक्टर आधी तिची तपासणी करतात ते म्हणूनच. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या दात्यातही तोच दोष असू शकतो. फुफ्फुसे नाजूक असल्याने प्रत्यारोपणापूर्वीची औषधेही सौम्य ठेवावी लागतात. म्हणजे नाव कळले की उपचार बदलतो. हे प्रकरण अहवालात सर्वांत मोठे ठेवायचे.

४ ऑक्टोबर

कर्करोग. १९९४ चा तक्ता पुरेसा बोलका आहे: तपासलेल्या १०१ गाठींपैकी ९० मध्ये टेलोमरेज चालू, आणि ५० सामान्य ऊतींपैकी एकातही नाही. उरलेल्या बऱ्याच गाठी एका टोकाची नक्कल दुसऱ्यावर उतरवून लांबी राखतात. त्याला एएलटी म्हणतात, इथे जास्त शिरायचे नाही.

हाताने करण्याजोगे काम टीईआरटीच्या पत्त्यावर मिळाले. गंमत अशी की टोके सांभाळणारे हे जनुक स्वतःच पाचव्या गुणसूत्राच्या टोकाजवळ आहे, जेमतेम बारा-तेरा लाख अक्षरे आत. २०१३ मध्ये मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाच्या, ७० पैकी ५० गाठींत या जनुकाच्या चालू-बंद करणाऱ्या भागात दोनपैकी एक बदल मिळाला. त्यांची नावे सी२२८टी आणि सी२५०टी. हे आकडे म्हणजे जुन्या जीआरसीएच३७ संचातल्या पत्त्याचे शेवटचे तीन अंक: १२,९५,२२८ आणि १२,९५,२५०. आमच्या जीआरसीएच३८ फाइलमध्ये तीच ठिकाणे १२,९५,११३ आणि १२,९५,१३५ वर आहेत. पत्ता बदलला, नाव तेच राहिले. तिथे मुलांना ‘सी’ नव्हे ‘जी’ दिसला, कारण जनुक उलट्या साखळीवर आहे. साखळी उलटवून बदल करून पाहिला: दोन्ही ठिकाणी अगदी तोच अकरा अक्षरी तुकडा तयार होतो, सीसीसीसीटीटीसीसीजीजीजी. त्यातला टीटीसीसी हा ईटीएस कुळातल्या प्रथिनांचा बसायचा थांबा. ते बसले की बंद जनुक चालू होते. तीनशे कोटींतले एक अक्षर, आणि तेही कुठलेही प्रथिन न घडवणाऱ्या भागात.

१५ ऑक्टोबर

आता पहिल्या पानावरचा प्रश्न. टोके लांब म्हणजे आयुष्य जास्त का?

शेल्टरिनमधले पीओटी१ हे प्रथिन टेलोमरेजला आवर घालते. त्याच्या जनुकात दोष असलेली कुटुंबे आहेत, त्यांची टोके वयाच्या मानाने फार लांब असतात. जाहिरातीच्या हिशेबाने ही माणसे चिरतरुण हवीत. २०१४ मध्ये अशा कुटुंबांत मेलानोमा मिळाला. २०२३ च्या अभ्यासात त्यांच्यात साध्या आणि घातक अशा नाना प्रकारच्या गाठी दिसल्या, आणि रक्तात एकाच पेशीची वाढत गेलेली वंशावळही. कारण सरळ आहे. बिघडलेली पेशी पन्नास-साठ विभाजनांनंतर थकून थांबते, हाच शरीराचा एक बंदोबस्त आहे. टोक लांब असेल तर ती पेशी जास्त काळ विभागत राहते आणि तिला पुढचे बिघाड गोळा करायला वेळ मिळतो. मोठ्या लोकसंख्येवरच्या जनुकीय अभ्यासांतही तोच कौल आहे: लांब टोकांच्या बाजूला काही कर्करोगांचा धोका जास्त, आखूड टोकांच्या बाजूला हृदयविकाराचा.

मोजमापाचेही पाहिले. सवंग चाचण्या बहुधा पीसीआरने रक्तातल्या किंवा लाळेतल्या सगळ्या पेशींची सरासरी काढतात, आणि ती सरासरी नमुना कसा साठवला यावरही हलते. एकाच वयाच्या निरोगी माणसांत काही हजार अक्षरांचा फरक सहज असतो. रुग्णालयात वापरतात ती फ्लो-फिश पद्धत, तीही संशय असेल तेव्हा. एकेका प्रकारच्या रक्तपेशीची लांबी मोजून त्या वयाच्या निरोगी माणसांशी ताडतात. लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींतली लांबी शंभरात सर्वांत खालच्या एकाच्याही खाली असेल तर डिस्केराटोसिसचा विचार पक्का होतो. मधल्या ऐंशी-नव्वद जणांना या आकड्यातून कळण्यासारखे काही नाही. ज्यांना कळण्यासारखे आहे त्यांना ‘जैविक वय’ नको असते, रक्तविकारतज्ज्ञ हवा असतो. विद्यार्थिनीने हे स्वतःच्या शब्दांत लिहून आणले. माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे, तेच छापू.

१२ नोव्हेंबर

दिवाळीनंतर उपचारांचे दोन परिच्छेद जोडले. डॅनाझोल या संप्रेरकासारख्या औषधाची २७ रुग्णांवरची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. बऱ्याच जणांच्या रक्ताच्या आकड्यांत सुधारणा झाली, टोकांची झीजही थांबलेली दिसली. उलट दिशेचे औषध इमेटेलस्टॅट: ते टेलोमरेजच्या आरएनए-साच्यावरच जाऊन बसते आणि लिहिणे बंद पाडते. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ते मज्जेत रक्तपेशी नीट न घडणाऱ्या, कमी धोक्याच्या मायलोडिस्प्लास्टिक आजारात, वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या रुग्णांसाठी मंजूर केले. एकाच एन्झाइमला एका खोलीत वर ढकलायचे आणि शेजारच्या खोलीत खाली दाबायचे, आणि दोन्ही रुग्ण रक्तविकाराचेच.

२२ नोव्हेंबर

अहवाल सादर झाला. स्क्रिप्ट, तक्ते आणि पत्त्यांची यादी विभागाच्या संगणकावर ठेवली आहे. पुढच्या गटाने जुळवलेला संच घेऊ नये, एचजी००२ चे लांब कच्चे वाचन घ्यावे. त्यात एकाच टोकाच्या वेगवेगळ्या पेशींतल्या लांब्या सुट्या दिसतात, आणि सरासरीत लपणारी सर्वांत आखूड टोके सापडतात. पेशी थांबवायला तीच पुरतात. डिस्कची जागा आधी मोकळी करावी लागेल, जुन्या बॅचचे व्हिडिओ काढून टाकायला संगणक विभागाला सांगितले आहे.